क्योटोतही सडा घालतात

क्योटो हे शहर मला पहिल्यांदा कळलं ते उस्मानपुऱ्यातल्या आमच्या पत्र्याच्या घरात, वडिलांच्या तोंडून, आणि तेही ते स्वतः तिथं कधी गेलेले नसताना. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना गाइड होते. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवायचं काम. त्यातले जपानी पाहुणे त्यांच्याच वाट्याला यायचे, कारण नानांना जपानी बोलता यायचं. ते शिकले त्याचीही गंमत आहे. एक म्हातारे जपानी भिक्खू पालीचा अभ्यास करायला म्हणून काही वर्षं आमच्या शहरात राहिले होते. त्यांना बाजारहाटापुरतं मराठी हवं होतं आणि नानांना जपानी. संध्याकाळ झाली की दोघं आमच्या ओसरीवर बसायचे आणि एकमेकांची भाषा एकमेकांच्या तोंडात घालायचे. भिक्खूंना 'ळ' शेवटपर्यंत जमला नाही. केळ्यांना ते 'केरी' म्हणत, आणि आत शिलाई मशीनवर बसलेली माझी माय पदर तोंडाला लावून हसत असे. तिचं मशीन थांबलं की आम्हाला कळायचं, भिक्खू 'ळ'पाशी आलेत.

भिक्खू परत गेले, पण त्यांचं गाव आमच्याकडं राहून गेलं. त्यांनी आणि पाहुण्यांनी सांगितलेलं सगळं नाना जेवताना आम्हाला सांगत. समोर ज्वारीची भाकरी, लसणाचं तिखट, कधी हिरव्या मिरच्यांचं बेसन, आणि नाना घास हातात धरून सांगतायत, की क्योटोला तिन्ही अंगांनी डोंगर आहेत, आपल्यासारखेच. मधून नदी वाहते. घरं लाकडाची, दारं कागदाची. रस्त्याच्या कडेनं पाण्याचा पाट जातो आणि त्यात मासे असतात. "गटारीत मासे?" माझा धाकटा भाऊ आनंद विचारायचा. "गटार नाय रे, पाट. पाणी असं, की तळाचे खडे मोजून घ्यावेत." मग मी अंथरुणावर पडून ते शहर रचत बसायचे. माझ्याजवळ सामान सगळं इथलंच होतं, त्यामुळं माझ्या क्योटोला आमच्या शहराचेच दरवाजे होते, त्यांवर पारवे घुमत होते, आणि दरवाजातून आत गेलं की कागदाच्या दारांच्या घरांमधून खाम नदी वाहत होती, मात्र तिचं पाणी स्वच्छ झालेलं. पुढं आयुष्यात मी बरीच शहरं पाहिली. मुलगी परदेशात असते, तिच्याकडं जाणं होतं. पण अंथरुणावर रचलेल्या त्या शहराइतकं सुंदर शहर मला कुठं भेटलेलं नाही.

आमच्या गल्लीत परदेश सांगणारं आणखी एक घर होतं. शेजारच्या सलमाखालाचे यजमान जेद्दाला कामाला होते. ते कॅसेटवर आपला आवाज भरून पाठवत आणि खाला ती कॅसेट सगळ्या गल्लीला ऐकवत असे. त्या आवाजातून आम्हाला कळलं, की तिथं रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, प्यायचं पाणी समुद्रातून काढतात आणि दुपारी बाहेर कुणी चालत नाही. संध्याकाळी खाला उंबऱ्यावर बसून नानांशी वाद घालायची.

"भाई, तुम्हारे जपान में एसी है क्या? मेरे मियां बोलते, उधर मस्जिद में बी एसी."

"खाला, तिकडं थंडीच लई असते. एसी कशाला?"

"हौ, तो फिर गरीबों का शहर है," खाला निकाल देऊन टाकायची. आणि मग आतून खलियाची, मटणाच्या रश्श्याची वाटी आणून मायच्या हातात ठेवायची. माय आणि खाला, दोघींनीही गावाची वेस ओलांडलेली नव्हती. पण जेद्दा बरं की क्योटो बरं यावर त्या अशा तावातावानं बोलत, जणू दोघींनाही उद्या कुठंतरी बिऱ्हाड हलवायचं होतं.

आणि मग नाना खरंच गेले. दरवर्षी येणाऱ्या यात्रेकरूंच्या एका मंडळानं आपसात ठरवून त्यांना एक महिन्यासाठी बोलावलं. श्रावण सरता सरता गेले, दसऱ्याच्या आधी आले. त्या महिन्यात आमचं घर कसं होतं ते मला आता धड आठवत नाही. एवढं आठवतं, की माय मशीन चालवताना मधेच थांबायची आणि विचारायची, "तिथं आत्ता काय वाजलं असंल गं?" मी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातून हिशेब करून सांगायचे. मायला ते खरं वाटायचं नाही. "आपली दुपार अन् त्यांची दिवेलागण? मग नाना आपल्या आधीच म्हातारे व्हायचे की!"

नाना आले तेव्हा निम्मी गल्ली आमच्या ओसरीवर गोळा झाली. इतकी वर्षं न पाहिलेल्या शहराबद्दल ते तासन् तास बोलत होते. आता पाहून आले म्हटल्यावर केवढं बोलतील, असं आम्हाला वाटलेलं. नाना काही बोललेच नाहीत. रेल्वे वेळेवर येते म्हणाले. रस्त्यावर कागदाचा कपटा नसतो म्हणाले. लोक कमरेत वाकून नमस्कार करतात ते वाकून दाखवलं. तेवढंच. खालानं वाट पाहिली आणि उठताना मायच्या कानाशी म्हणाली, "नजर लगी भाई को. मिर्च्या उतार."

हळूहळू, दिवसाला एक, अशा गोष्टी त्यांच्याकडून येऊ लागल्या. एके सकाळी माय दारात सडा घालत होती. नाना दात घासत उभे होते. ते एकदम म्हणाले, "तिथं पण घालतात."

"काय घालतात?"

"सडा. शेणाचा नाय, साध्या पाण्याचा. उन्हाळ्यात सकाळी अन् सांजच्याला बाया, म्हातारे बाप्ये दारात येतात अन् लाकडी पळीनं रस्त्यावर पाणी शिंपतात. त्याच्या आधी झाडतात."

मायला इतका आनंद झाला, की तिनं बादली खाली ठेवली. "म्हंजे आपल्यासारखंच की! मग एवढं काय निराळं हाय त्या गावात?"

नाना तोंड धुवून आले. टॉवेलनं चेहरा पुसत, मायकडं न बघता म्हणाले, "तिथं ज्याच्या दारातला कचरा त्यानंच झाडायचा. दुसरं कुणी जन्माला घालून ठेवलेलं नसतं त्यासाठी." आणि थोड्या वेळानं, "महिनाभर फिरलो. आडनाव कुणी विचारलं नाय. सांगितलं तरी त्यांना त्यातून काय कळणार?"

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, गाव सोडलं, शहर गाठलं. पण आडनाव बरोबर आलं, आणि आमच्याकडं आडनाव ऐकलं की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. मला हे माहीत होतं, पण आपला रंग सावळा आहे हे माहीत असावं तसं. त्यावर कुणी बोलत नसे. त्या सकाळी नाना पहिल्यांदा बोलले.

मग चार-आठ दिवसांनी शाळेतून आले तर माय आणि नाना आत बोलत होते. मी दप्तर घेऊन ओसरीवरच थांबले. क्योटोच्या एका व्यापाऱ्यानं, जो इकडं यात्रा काढायचा, नानांना आपल्या कचेरीत दोन वर्षं ये म्हटलं होतं. येणाऱ्या लोकांना लेण्यांची माहिती आधीच द्यायची, त्याच्या माणसांना शिकवायचं. माय म्हणत होती, "जायचं तर जा. मी मशीनवर घर चालवीन. पर दोन वर्सांनी तुमाला हे गाव आवडंल का, ते सांगा."

नानांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मायचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, की नानांना आपलं शहर दाखवायचं. त्यांनी आयुष्यभर परक्यांना दाखवलं होतं. आता मी गाइड व्हायचं, ते पाहुणे. शहर असं दाखवायचं, की पाहुण्याचा पाय निघू नये. मी हे त्यांना खेळ म्हणून सांगितलं. नाना हसले, जपानीत काहीतरी म्हणाले आणि कमरेत वाकले.

रविवारी सकाळी निघालो. नानांनी तिकडून आणलेले करड्या रंगाचे कपडे आणि नवे बूट घातले होते. दसऱ्यानंतरची हवा, ऊन कोवळं, डोंगर असे जवळ आलेले की हात लावावा. पैठण गेटापाशी खेड्यातल्या बाया सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. गुलमंडीवर मी पाहुण्यांना गरम इमरती खिलवली आणि हे आमच्या शहराचं फूल आहे, असं सांगितलं. पाहुण्यांनी मान तुकवली. एका दुकानाच्या पायरीवर म्हातारे मियांजी उर्दू वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते आणि शेजारचा मारवाडी दुकानदार मधेमधे "आगे, आगे" म्हणत होता. नाना तिथं खूप वेळ उभे राहिले. "तिथं रस्त्यात असं कुणी मोठ्यानं वाचत नाय," ते म्हणाले. मला वाटलं, जमतंय.

पाणचक्कीला गेलो. डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आलेलं पाणी वरून हौदात पडत होतं आणि त्या मोठ्या वडाखाली सगळी हवाच ओली होती. हौदात मासे होते. मी नानांना काठाशी नेलं आणि बोट दाखवलं. नाना बसले, पाण्यात हात घातला. मासे बोटांशी आले. कितीतरी वेळ आम्ही दोघं तसेच बसलो. पाण्याच्या आवाजात शहर कुठं राहिलं ते कळेना. मला आजही तो आवाज कधी कधी दुपारच्या झोपेत ऐकू येतो, आणि जाग आल्यावर क्षणभर आपण कोणत्या वर्षात आहोत ते उमजत नाही. नंतर मकाई दरवाजाखालून पूल ओलांडला. वर पारवे होते. नाना कमानीखाली थांबले, मान वर केली आणि पाहुण्याचा खेळ विसरून म्हणाले, "सुजे, आपलं गाव लई देखणं हाय गं. आपण धुतलं नाय कधी, एवढंच."

मी त्यांना तिथूनच घरी परत फिरवलं असतं तर? पण माझ्याकडं अजून एक हुकमी जागा होती. जालना रस्त्याच्या बाजूला नवी वसाहत उठत होती. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना लावलेली झाडं, सारख्या बैठ्या घरांच्या रांगा, विजेचे खांब. शाळेची सहल जाताना बसमधून पाहिली होती आणि सगळ्या वर्गानं म्हटलं होतं, अगदी परदेश! आम्ही रिक्षानं तिथं गेलो. खरंच नाना खूश झाले. कोपऱ्याच्या एका घरावर 'खोल्या भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. ते पाटीसमोर थांबले आणि म्हणाले, "विचारून बघू? इथं जागा मिळाली तर आनंदला अंगण होईल. मायचं मशीन उजेडात येईल." आणि जरा थांबून, "मग जायचं तरी कशाला?"

मी धावत जाऊन फाटक उघडलं.

घरमालक तोंडभर बोलणारे होते. नानांचे बूट बघून ते कुठले म्हणून त्यांनी विचारलं, आणि जपान म्हटल्यावर त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. "वा वा! अहो, खरी शिस्त तिथं. आपले लोक कधी सुधारायचे नाहीत," असं म्हणत त्यांनी आत चहा सांगितला. खोल्या दाखवल्या. मागच्या खिडकीतून मोकळं रान आणि पलीकडं डोंगर दिसत होता. नाना खिडकीशी उभे राहून लेणी कुठल्या बाजूला ते त्यांना सांगत होते. मालकांना ते माहीत नव्हतं, ते कौतुकानं ऐकत होते. "तुमच्यासारखा माणूस मिळाला तर आम्हाला काय हवं? बरं, आडनाव काय म्हणालात?"

नानांनी सांगितलं.

मालक "अच्छा, अच्छा" म्हणाले. त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. आतून त्यांच्या घरातल्या बाई चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. मालकांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, आणि बाई उंबऱ्यातच वळल्या. कपांचा किणकिण आवाज आत जाताना मी ऐकला. "त्याचं असं आहे," मालक म्हणाले, "कालच एकांना शब्द दिल्यासारखा झालाय. पाटी काढायची राहिली. तुम्ही एकदा चौकशी करून ठेवा मात्र."

"ठेवतो," नाना म्हणाले. त्यांनी हात जोडले. सवयीनं कमरेतही वाकले.

बाहेर रस्ता तसाच सरळ होता, झाडं तशीच ओळीनं. आम्ही बराच वेळ चाललो. रिक्षा जात होत्या, नानांनी एकीलाही हात केला नाही. माझ्या मनात सकाळपासून जमा केलेलं सगळं होतं, इमरती, मासे, पारवे. ते सगळं खरं होतं, त्यातलं काही खोटं पडलेलं नव्हतं. पण नानांनी थांबावं म्हणून त्यातलं काही पुढं करायची मला लाज वाटली. एका खांबाखाली मी थांबले आणि म्हणाले, "नाना, तुम्ही जा."

त्यांना आधी कळलं नाही. "कुठं?"

"तिकडं. क्योटोला. मला माहीत आहे."

नाना तिथंच कठड्यावर बसले. बूट काढले, त्यांतली वाळू झटकली. त्यांचे डोळे भरले होते की उन्हानं तसे दिसत होते, मला सांगता येणार नाही. "तू मला गाव दाखवायला आणलं होतंस ना?" ते म्हणाले.

"दाखवलं की."

दिवाळीनंतर नाना गेले. मायनं मशीनवर घर चालवलं, म्हटल्याप्रमाणं. खालानं आम्हाला कधी उपाशी झोपू दिलं नाही. त्या दोन वर्षांत मी मॅट्रिकपर्यंत आले, आनंदचा आवाज फुटला. आजकाल आमच्या ओळखीतले लोक सहलीहून परततात आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच सुरू करतात, तिथले रस्ते बघा, तिथली शिस्त बघा, आपल्याकडं हे कधी होणार? मी ऐकून घेते. त्यांचं चूक नसतं. मला फक्त नाना दोन वर्षांनी परत आले ती संध्याकाळ आठवते.

मी त्यांना तेच विचारलं होतं, जे दोन वर्षं विचारायचं होतं. "नाना, तिथं खरंच कुणी काही विचारत नाही?"

नाना बारीक झाले होते, केस पांढरे. ते म्हणाले, "पहिलं वर्ष मला पण तसंच वाटलं. मग एकदा बूट फाटले. नदीपल्याडच्या एका वस्तीत चामड्याचं काम चांगलं करतात, असं ऐकलं. कचेरीत सहज म्हटलं, तिकडं जाऊन येतो. तर सगळे कागदांत मान घालून बसले. एकानं बाजूला घेऊन सांगितलं, तिकडं नका जाऊ, ते लोक निराळे आहेत. मी विचारलं, निराळे म्हंजे? दिसायला सारखे, भाषा एक, देव एक. तो काय सांगेना." नाना थोडं हसले. "मला सांगायची गरज नव्हती. मी एका नजरेत ओळखलं, चामडं कमावणाऱ्यांची वस्ती, आपल्या गावकुसाबाहेरच्यासारखी. तिथं आडनाव नाय विचारत, पोरी. पत्ता विचारतात."

माय मशीनवरून उठून जवळ येऊन बसली. "मग तुमी काय केलं?"

"गेलो. बूट शिवून घेतले. दर रविवारी जायला लागलो. शिवणारा म्हातारा अन् त्याची सून. तिनं जेवायला वाढलं, आतड्याचा रस्सा. अगं, आपल्या गावाकडं वाळवलेल्या मांसाच्या चान्या शिजवायचे ना, तोच वास.  मी तिला विचारलं, तुझं पोरगं मोठं होऊन नोकरी मागायला जाईल तेव्हा पत्ता काय सांगंल? ती म्हणाली, खरा. आधीच सांगायला शिकवलंय. म्हंजे ज्याला दार लावायचंय त्यानं लगेच लावावं, आपला चहा होईस्तोवर थांबायला नको."

पुढच्या रविवारी नाना मला घेऊन घर शोधायला निघाले. पुंडलिकनगराकडं तेव्हा नुकती वस्ती होऊ लागली होती, रस्ते कच्चे, मधे नांगरलेली शेतं. पाटी दिसली की नाना फाटकाशी उभे राहायचे आणि नमस्काराच्या आधी आडनाव सांगायचे, स्पष्ट, लेण्यांत पाहुण्यांना सांगायचे त्या आवाजात. पहिल्या घरी दार लागलं. दुसऱ्या घरी "मालक गावाला गेलेत" असं मालकच म्हणाले. त्यानंतर किती फाटकं झाली मी मोजली नाहीत. माझे पाय दुखत होते, पण नानांची मान ताठ होती आणि मला त्यांच्या शेजारी चालायला आवडत होतं.

ऊन उतरताना एका अर्धवट गिलावा झालेल्या घरासमोर आलो. एक विधवा बाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. नानांनी फाटकाबाहेरूनच आडनाव सांगितलं. बाईंनी मान वर केली नाही.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, माणसं किती? अन् नळाला पाणी एक दिवसाआड येतं, ते पण येईल तेव्हा. चालंल का?"

नानांनी फाटकाची कडी काढली. 

"चालंल," ते म्हणाले. "आमी याच गावचे आहोत."